शाळा सुटल्यावर

चिमणी हे तिचं घरातलं नाव. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती, म्हणून बाबांनी ठेवलेलं. पुढे पोरगी अशी ताडमाड वाढली की दाराच्या चौकटीला डोकं टेकायला आलं, पण नाव काही बदललं नाही. ‘आमची चिमणी बसली की फांदी मोडते,’ असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचे.

बाबा रंगारी. उंच इमारतींना बाहेरून रंग देण्यात त्यांचा हातखंडा. चिमणी आठवीत होती तेव्हा एका इमारतीची परांची सुटली आणि बाबा डब्याब्रशासकट खाली आले. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. तेव्हापासून ते खिडकीजवळच्या खाटेवर. छताकडे बघत म्हणायचे, “हे छत मीच रंगवलंय. दुसरा हात द्यायचा राहिला. आता रोज मलाच टोचतंय.”

आई एका कारखान्याच्या उपाहारगृहात दुपारच्या पाळीला जायची. सकाळी बाबांचं सगळं ती करायची, आणि शाळा सुटल्यावर चिमणी. मायलेकी रोज दारातच भेटायच्या. एकीचा पाय आत, दुसरीचा बाहेर. “टाचेला लाली आलीय, बघ,” एवढं सांगून आई निघून जायची.

मग चिमणीची दुपार सुरू. बाबांना कुशीवर वळवायचं, पाठीमागे उशी लावायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, पाठ पुसून कोरडी करायची, पाय गुडघ्यात दुमडायचे, सरळ करायचे, पुन्हा दुमडायचे. थोड्या वेळाने पुन्हा दुसऱ्या कुशीवर. एक दिवस आळस केला की कातडी लाल व्हायची, आणि दोन दिवस केला की फाटायची. एकदा फाटली होती. ती जखम भरेपर्यंत घरात कुणाला घास गोड लागला नाही. त्यानंतर चिमणीने आळस कधी केला नाही.

शाळेत नाटक असायचं, वादविवाद असायचा, डोंगरावर सहली जायच्या. “येतेस का?” असं मैत्रिणी आधी विचारायच्या. ‘घरी काम आहे’ हे उत्तर ऐकून ऐकून त्यांनी विचारायचं सोडून दिलं. कसलं काम, ते चिमणीने कुणाला सांगितलं नाही. बाबांची कुणी कीव केलेली तिला खपायची नाही.

तिला वेड होतं दगडांचं. ते कुठून लागलं देव जाणे. घरी येताना वाटेत एका बँकेच्या पायऱ्या होत्या, आणि त्यातल्या एका पायरीत शिंपल्याची नक्षी उमटलेली होती. कधीकाळी समुद्राच्या तळाशी असलेला जीव आता लोकांच्या चपलांखाली! ती तिथे क्षणभर थांबायची, मग घराकडे धावायची. वाचनालयातून खडकांवरची पुस्तकं आणून बाबांच्या खाटेशी बसून वाचायची. बाबा म्हणायचे, “दगड वाचून काय मिळतं गं? डोक्यात पडला की आपोआप कळतो.” पण मग हळूच विचारायचे, “आज कुठला वाचलास?”

बारावी आली आणि तिने विद्यापीठात भूगर्भशास्त्राला अर्ज करायचं ठरवलं. गुण चांगले होते. अडलं ते आत्मनिवेदनापाशी. ‘तुम्ही कोण आहात ते आम्हाला सांगा. अभ्यासाव्यतिरिक्त काय केलंत तेही सांगा,’ असं अर्जात लिहिलेलं, आणि खाली पानभर कोरी जागा. चिमणीने लिहिलं, ‘मला वाचनाची आवड आहे.’ पुढे काय लिहायचं तेच सुचेना. बाकीच्या मुलींची पानं कशी भरली होती! कुणी पोहण्यात पहिली, कुणी अंध मुलांना गोष्टी वाचून दाखवलेल्या. चिमणीची पाटी कोरी.

वर्गशिक्षिकेने ते एक वाक्य वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला. “हे काय? तू एवढी हुशार मुलगी, चार वर्षांत एका गोष्टीत म्हणून भाग घेतला नाहीस?”

“नाही.”

“मग शाळा सुटल्यावर करायचीस काय?”

पहिल्यांदाच, एका दमात, चिमणीने सगळं सांगून टाकलं. पिशवी, टाचा, कुशी, सगळं. शिक्षिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. “अगं वेडे, हेच लिही! काखेत कळसा नि गावाला वळसा! याच्याहून मोठं कुणी काय केलंय?”

चिमणी घरी आली ती हलकी होऊन. त्या दुपारी तिने लिहायला घेतलं आणि हात थांबेना. जणू आतून कुणी बांध फोडला होता. बाबांना कसं वळवते, त्यांच्या अंगाला हात लावताना पहिल्यांदा दोघंही कशी भिंतीकडे बघत होती, सहलीची बस निघताना ती शाळेच्या फाटकातून कशी उलट दिशेला जायची. लिहिता लिहिता तिला कळलं की आपल्याला सहलीला जायचं होतं. फार जायचं होतं.

“काय लिहितेस एवढं?” बाबांनी विचारलं.

“विद्यापीठाचं.”

“वाच की मग. एवढी मान मोडून लिहितेस, आम्हालाही कळू दे.”

तिने वाचलं. काही गाळायचं तिला सुचलं नाही, आणि वाचता वाचता तिने वरही पाहिलं नाही. संपल्यावर पाहिलं तर बाबांनी मान भिंतीकडे वळवलेली.

“बाबा?”

“माझी मुतण्याची पिशवी त्या विद्यापीठाला कशाला दाखवतेस?” आवाज बारीक होता. “इमारतीच्या टोकावर उभा राहून काम केलंय मी. खालची माणसं मुंग्यांएवढी दिसायची. आणि आता चार अनोळखी माणसं टेबलाभोवती बसून वाचणार, की याची पोरगी याचं ढुंगण पुसते. त्यावर तुला जागा देणार. भीकच ना ही?”

“तसं नाही हो बाबा. मी...”

“मला वचन दे. कुणाला सांगणार नाहीस. एक अक्षर नाही.”

बापाच्या चेहऱ्यावर असा लाचार भाव तिने कधी पाहिला नव्हता. पडल्यानंतरही नाही. ती म्हणाली, “नाही सांगणार.” कागद फाडला आणि त्यांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती म्हणून वळवलं.

नंतर तिने बँकेच्या पायरीवर लिहिलं. शिंपल्यावर, समुद्रावर, दुकानांच्या दर्शनी भागात लावलेल्या दगडांवर. खरं होतं, बरंही जमलं होतं, पण अर्ध्या पानात आटोपलं. शिक्षिकेने वाचून सुस्कारा सोडला. “छान आहे गं. पण हा काही उपक्रम नव्हे.” वडिलांचं का गाळलंस, असं तिने दोनदा विचारलं. “ते नको,” यापलीकडे चिमणी गेली नाही. शिक्षिका भल्या मनाची. तिला राहवलं नाही. शाळेकडून जे शिफारसपत्र जायचं त्यात तिने आपल्या मनाने एक ओळ घातली: घरच्या आजारपणाची जबाबदारी हिच्यावर आहे. चिमणीला याचा पत्ताच नव्हता.

मुलाखतीला बोलावणं आलं. आईने त्या दिवशी सुट्टी काढली. बाबांनी तिच्या सदऱ्याची कॉलर खाटेवरूनच नीट केली आणि म्हणाले, “ताठ बस. वाकलीस तरी त्यांच्याहून उंच दिसशील.”

मोठ्या टेबलामागे तिघं बसले होते. मधले प्राध्यापक पिकल्या केसांचे, हसऱ्या तोंडाचे. त्यांनी तिचं अर्धं पान हातात धरलं होतं. “ही बँकेची पायरी मला आवडली. पण प्रत्यक्ष खडक कुठे पाहिलेत? डोंगरात, नदीकाठी?”

“नाही, सर.”

“शाळेच्या सहली जात नव्हत्या?”

“जायच्या.”

“मग?”

चिमणीने सदऱ्याची कॉलर पुन्हा नीट केली. डाव्या बाजूच्या बाईंनी शाळेचं शिफारसपत्र उलटून पाहिलं. “तुमच्या शिक्षिकेने घरच्या आजारपणाचा उल्लेख केलाय. कोण आजारी आहे? आमच्याकडे रानावनात आठवडेच्या आठवडे शिबिरं असतात. तुम्हाला जमेल का? मोकळेपणाने सांगा.”

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते तिला त्या खुर्चीत बसून कळलं. सांगावं तर वचन मोडतं, न सांगावं तर हातचं जातं. बाईंचा आवाज मायाळू होता. एक वाक्य पुरलं असतं. पण तिच्यापुढे भिंतीकडे वळलेली ती मान आली.

“कुणी आजारी नाही,” ती म्हणाली. “चुकून लिहिलं असेल. घरी सगळं ठीक आहे.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्राध्यापकांचं हसू थोडं मावळलं. “मग इतक्या वर्षांच्या दुपारी तुम्ही करत तरी काय होता?”

“घरी असायचे.”

“नुसत्या?”

“हो.”

बाहेर आली तेव्हा पुढचा मुलगा आत जायला उभा होता. हातात प्रमाणपत्रांची जाडजूड फाईल.

नकार आला. त्यात कारण दिलं नव्हतं. तसं कधी देत नाहीत. आईने वाचला, घडी घालून ठेवला आणि कामाला गेली. बाबांना चिमणीनेच सांगितलं. त्यांनी विचारलं, “मुलाखतीत काय विचारलं?”

तिने सांगितलं. वाटलं होतं, लेकीने शब्द पाळला म्हणून त्यांना बरं वाटेल.

बाबांनी उशी उचलून भिंतीवर फेकली. “सांगायचं नाही? त्या बाई समोरून विचारत होत्या, आणि तू सांगितलं नाहीस?”

“तुम्हीच वचन घेतलंत, बाबा.”

“मी रागात बोललो! माणूस दुखावला की बोलतो काहीही. तू एवढी शिकलेली, तुला एवढंही कळू नये? कशाला ऐकलंस माझं? कोण लागून गेलो मी?”

तिने उशी उचलली, झटकली, पुन्हा त्यांच्या पाठीमागे लावली. तिला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. आणि त्याचंच तिला भय वाटलं. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईने त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, “तुम्ही उपाशी राहिलात तर तिलाच जास्त निस्तरावं लागेल.” मग ते जेवले. त्यानंतर ‘आज कुठला वाचलास’ हे त्यांनी कधी विचारलं नाही. वाचनालयाची पुस्तकं चिमणीने परत करून टाकली.

ती एका फरशीच्या दुकानात सकाळच्या वेळेला लागली. गिऱ्हाइकं विचारायची, “हा दगड डाग धरतो का?” ती सांगायची, धरतो किंवा नाही धरत. त्याहून जास्त कुणाला ऐकायचं नव्हतं, आणि पुढे पुढे तिलाही सांगावंसं वाटेना.

पुढच्या वर्षी अर्जाचे दिवस आले तेव्हा विषय बाबांनीच काढला. “या खेपेला सगळं लिही. पिशवीबिशवी सगळं. मी सही करून देतो हवं तर.” चिमणी म्हणाली, “बघू.” एका दुपारी ती कागद घेऊन बसलीही. पण गेल्या वर्षी जे हातातून वाहत होतं त्याचा टिपूस आला नाही. ‘माझे वडील’ एवढे दोन शब्द लिहून झाले आणि ती त्या शब्दांकडे नुसती बघत राहिली. आपलं दुःख दुसऱ्याच्या दारात नेऊन उभं करायचं, आणि तेही आता बापाच्या परवानगीने. तिला ते जमेना.

त्याच दिवसांत बाबांच्या माकडहाडाशी जखम झाली. कुणाचा आळस नव्हता. कातडीच झिजली होती. जखम चिघळली, ताप चढला, रुग्णालयात हलवावं लागलं. आई आणि ती आळीपाळीने तिथे बसू लागल्या. अर्जाची शेवटची तारीख त्याच गडबडीत येऊन गेली. चिमणीला ती माहीत होती. तिने जाऊ दिली.

ताप उतरल्यावर बाबांनी डोळे उघडले. ओठ सुकले होते. ती ओला कापूस फिरवत होती.

“अर्ज भरलास?”

“भरला,” ती म्हणाली.

“सगळं लिहिलंस?”

“सगळं.”

बाबांचा चेहरा उजळला. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक म्हातारा पडला होता. त्याच्याकडे मान वळवून बाबा हळू आवाजात सांगू लागले, “ही माझी मुलगी. विद्यापीठात जायचीय. आता तिला कोण अडवतंय?”

म्हाताऱ्याने कौतुकाने चिमणीकडे पाहिलं. “काय शिकणार, पोरी?”

“बाबांची पट्टी बदलायची वेळ झालीय,” ती म्हणाली, आणि परिचारिकेला शोधायला बाहेर गेली.