लेंडीआत्याची बाग

रस्त्यावरून मेंढरं गेली की त्यांची धूळ खाली बसायच्या आत लेंडीआत्या घमेलं घेऊन हजर असायच्या. एकदा मेंढरांच्या मागोमाग लग्नाची वरात आली. आत्या रस्त्याच्या मधोमध उकिडव्या बसून लेंड्या वेचत होत्या. बँडवाल्यांनी ढोल बडवून पाहिला, नवरदेवाच्या मामाने आवाज चढवला, पण आत्या ढिम्म. "थांबा की वाईच. सोनं तुडवाय निघालाय," असं म्हणत त्यांनी घमेलं भरलं आणि मगच वरातीला वाट दिली. त्यावरून गावाने ठेवलेल्या या नावाचा त्यांच्या मुलाला, दत्ताला, भयंकर राग यायचा. आत्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मी अंथुर्ण्याच्या शाळेत शिक्षिका होते आणि आत्यांच्या शेजारी भाड्याने राहायचे. आमच्या परसांमध्ये फक्त एक काटेरी कुंपण होतं. आत्यांच्या घरात पूर्वी मोठा कळप होता. मालक गेले, शेताला पाणी आलं, ऊस आला आणि दत्ताने कळप विकून टाकला. एक मेंढी तेवढी आत्यांनी रडून-भांडून ठेवून घेतली. बांडी ही तिची लेक. तीही आता म्हातारी झाली होती. आत्या तिच्याशी सुनेपेक्षा जास्त बोलायच्या, आणि सून ते मला मोठ्या आवाजात ऐकवायची.

परसातली मेथी, वांगी, गवार, कुंपणावरचा दोडका, सगळं बांडीच्या खतावर. ताजी लेंडी त्या कधीच झाडाला घालायच्या नाहीत. "लई गरम आसतीया ती. मूळ भाजतं. खड्ड्यात कुजू द्यावी, मग माती हुती तिची." युरियाचं नाव काढलं की नाक मुरडायच्या. मी माझ्या कुंडीतल्या मिरचीला चिमूटभर युरिया घातला, तर दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी कुंपणावरून म्हणाल्या, "बाई, त्या खताची भाजी नुसती फुगती. पातेल्यात घातली की पानीच पानी." आणि वर मूठभर मेथी माझ्या हातात कोंबली.

दत्ताने पिकअप घ्यायचं ठरवलं तेव्हा गोष्टी बिघडल्या. गाडी लावायला जागा हवी होती आणि ती जागा बांडीच्या छपराची होती. मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. "बाजारात ढिगानं भाजी मिळती, आये. कशाला पाहिजे ती मेंढी?" शेवटी दत्ता रागात म्हणाला, "बरं, ह्या उन्हाळ्यात तुझ्या बागेतनं घरापुरती भाजी निघाली, तर मेंढी ऱ्हाईल. न्हाय निघाली, तर बाजार दावतो तिला." तो कदाचित दुसऱ्या दिवशी विसरलाही असता. आत्यांनी मात्र ते काळजावर कोरून घेतलं.

आणि नेमका त्याच वर्षी खताचा खड्डा रिकामा. एका म्हाताऱ्या मेंढीची लेंडी ती किती पुरणार? रस्त्याने जाणारे कळपही कमी झाले होते. आत्या पोतं घेऊन लोणी भापकरला एका मेंढपाळ पाहुण्याकडे गेल्या, तर त्याचं सगळं खत एका डाळिंबवाल्याने ट्रॉली भरून आधीच नेलं होतं. रिकामं पोतं काखेत मारून त्या परत आल्या. संध्याकाळी मला विचारतात, "बाई, तुमच्या शाळंच्या मैदानात शेळ्याबिळ्या येत्यात का वो?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. 

वांग्याची खालची पानं पिवळी पडायला लागली. नत्र कमी पडलं की असंच होतं, हे मी मुलांना पुस्तकातून शिकवत होते. आत्या म्हणायच्या, "झाड खालच्या पानाच्या तोंडचं काढून वरच्याला भरवतंया." रोज सकाळी दत्ता उठायच्या आत त्या पिवळी पानं खुडायच्या, पदरात लपवायच्या आणि बांडीपुढे टाकायच्या. खुडून खुडून वांग्यांच्या नुसत्या काड्या राहिल्या. मेथी बोटभर वाढून थांबली. आत्यांचं जेवण तुटलं. वाफ्याच्या कडेला बसून त्या मेथीकडे एकटक बघत राहायच्या. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी मागचं दार लावून घ्यायचे.

एका रविवारी भर दुपारी मी परसात भांडी घासत होते. आत्या बांडीच्या पाणी प्यायच्या बादलीत हात घालून काहीतरी ढवळत होत्या. दत्ताने उसासाठी आणलेल्या पोत्यातला ओंजळभर युरिया. मला पाहून त्या दचकल्या. "बाई, बगितलं न्हाय आसं करा. एकडाव. फकस्त एकडाव. तिच्यापायी करतीया." अर्धी बादली त्यांनी मेथीला आणि वांग्यांना घातली. उरलेली दोडक्याला न्यायची, तेवढ्यात पुढच्या अंगणात दत्ताची मोटारसायकल वाजली. आत्यांनी घाईघाईने बादली छपरात बांडीच्या मागे सरकवली, वर पोतं टाकलं आणि मुलाला जेवायला वाढायला आत गेल्या.

थोड्या वेळाने त्यांची किंकाळी ऐकून मी कुंपण ओलांडून धावले. पोतं खाली पडलं होतं आणि बादली रिकामी होती. बांडी आडवी पडून पाय झाडत होती. पोट टम्म फुगलेलं, तोंडाला फेस, दात करकर वाजत होते. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते लांबच्या गावी होते. म्हणाले, व्हिनेगर गार पाण्यातून पाजा, लगेच. मी स्टँडवरच्या चायनीजच्या गाडीकडे अनवाणी पळत सुटले. गाडीवाल्याला धड सांगताही येईना. त्याच्या हातातली बाटली हिसकावून परत पळाले. तोवर आत्या आंबट ताक पाजत होत्या. दत्ता घामाघूम होऊन बांडीचा जबडा धरून बसला होता. "आये, काय खाल्लं गं हिनं?" तो सारखा विचारत होता. आत्या नुसत्या बांडीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत होत्या, "गीळ गं माजे बाय. येवडं गीळ." तिने गिळलं नाही. ताक आणि व्हिनेगर आत्यांच्या लुगड्यावर ओघळत राहिलं, आणि चहाच्या वेळेपर्यंत सगळं संपलं.

दत्ताने शेताच्या बांधाला खड्डा घेतला. म्हातारी मेंढी, उन्हाचा तडाखा, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं. बादलीचं मला माहीत होतं, पण ते सांगणं माझं काम नव्हतं.

आठवड्याभरात मेथीला अशी गर्द हिरवी काळोखी आली की डोळ्यांत भरावी. वांग्यांना टवटवीत नवी पानं फुटली. दत्ता वाफ्यात उभा राहिला, एक पान चुरगळून वास घेतला.  "आये, तुझं खरं हाय गं. बांडीच्या खतात लई दम हुता. मी उगं तुला बोललो. येत्या बाजारात तुला दोन कोकरं आणतो."

याच शब्दांसाठी त्या माउलीने काय काय केलं होतं! मी कुंपणाशी उभी होते. वाफ्याच्या कडेला बसलेल्या आत्या खाली बघत म्हणाल्या, "ही काळोखी बांडीची न्हाय, दत्ता. तुज्या पोत्यातली हाय. बादली म्याच ठिवली व्हती तिच्यापाशी."

 दत्ता त्यांच्याशेजारी मातीतच बसला. "मला सांगायचं तरी, खत संपलंया म्हणून."

"तू इकली आसतीस. आन इकली आसतीस, तर कुनाच्या तरी दावनीला जित्ती तरी आसती." मग त्या म्हणाल्या, "कोकरं आनू नगंस. मला माजंच भ्या वाटतंया."

त्यानंतर आत्या पळसदेवला लेकीकडे जायला निघाल्या. दत्ताने पाया पडून पाहिलं, सून रडली. मी स्टँडपर्यंत सोबत गेले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "आत्या, तुम्ही झाकून ठेवली होती ना बादली? मग तुमची काय चूक?"

एसटी येताना दिसली. आत्यांनी पिशवी उचलली. "युरिया इरगळला की पानी गार पडतं, बाई. माठातल्यावानी. तिच्याच बादलीत, येवड्या उनाचं गार पानी."  पायरीवर पाय ठेवून त्या वळल्या. "तिला वाटलं आसंल, म्या तिच्यासाठनंच ठिवलंय."