निरोपाच्या जेवणातली विषबाधा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आज कुणी 'साहेब, एखादी केस सांगा' म्हटलं की तोंडात आधी येते ती कोलकात्यालगतच्या न्यू टाउनच्या एका हॉटेलातली. त्यात ना चाकू होता ना पिस्तूल. एक आचारी होता आणि त्याची अब्रू टांगणीला लागली होती.

मी मूळचा साताऱ्याकडचा, नोकरी मात्र बंगालच्या पोलिसात. तेव्हा उपायुक्त होतो. विश्वकर्मा पूजेचा दिवस होता. त्या दिवशी कोलकात्यात यंत्रांना सुट्टी. रिक्षापासून छापखान्यापर्यंत सगळं धुऊन-पुसून, शेंदूर-फुलं वाहून बंद ठेवतात आणि माणसं गच्चीवर पतंग उडवतात. दुपारी ठाण्यातून फोन आला. एका हॉटेलच्या हॉलमध्ये मराठी बँकवाल्यांचं निरोपाचं जेवण चालू होतं, कुणाची तरी बदली झाली होती. जेवता जेवता माणसांना गरगरायला लागलं, उलट्या झाल्या, काही जण बेशुद्ध पडले. सगळ्यांना इस्पितळात हलवलं होतं. तेवढ्यात ठाण्यात निनावी फोन आला होता, की आचाऱ्याने जेवणात काहीतरी कालवलंय, कालच त्याचं मॅनेजरशी कडाक्याचं भांडण झालंय.

मी ठाण्यात पोचलो तोवर तिथल्या प्रमुखांनी आचाऱ्याला ताब्यात घेऊन अन्नाचे नमुने सीलबंद केले होते. प्रमुखांना तिकडे बडोबाबू म्हणतात. हे बडोबाबू कामाला वाघ, पण निष्कर्षाची त्यांना फार घाई.

"सर, केस सरळ आहे," ते म्हणाले. "भांडण आहे, जेवण आहे, आजारी माणसं आहेत."

बाहेर बाकावर आचाऱ्याची बायको पदर तोंडात धरून बसली होती. विष घालणारा असा एकदा शिक्का बसला की त्या माणसाला कुठल्याही स्वयंपाकघरात कुणी उभं करत नाही. मग कोर्ट काही म्हणो. मी त्याला समोर बसवलं.

"मॅनेजरशी भांडलास?"

"भांडलो, स्यार. पूजेची सुट्टी मागितली, दिली नाही."

"मग?"

"मग काय, चार शिव्या दिल्या आणि स्वयंपाक केला."

माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस भांडण आधी नाकारतो. याने तर शिव्यांसकट कबूल केलं. तरीही नुसत्या वाटण्यावर कुणाला सोडता येत नाही, म्हणून मी इस्पितळात गेलो. हॉटेलात कुणालाही काही हलवू देऊ नका, असा निरोप ठेवला.

बँकवाल्यांतल्या एक वयस्कर काकू ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून बोलण्याच्या स्थितीत होत्या. मराठी ऐकून त्यांना धीर आला.

"काकू, तिथे काय काय खाल्लंत?"

"अहो, मी काय खाणार? संकष्टी आहे माझी. घरून साबुदाण्याची खिचडी नेली होती डब्यात. तिथलं पाणीसुद्धा प्यायले नाही."

बडोबाबूंनी लिहिलेल्या जबाबात मात्र काकू 'जेवल्या' होत्या. त्यांनी 'खाल्लंत का' विचारलं आणि काकू 'हो' म्हणाल्या. बिचाऱ्यांचा काय दोष! उपास म्हणून पोटभर खाणारी जमात त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"आणि जेवणाला पोरंही असतील ना? इथे एकही दिसत नाही," मी विचारलं.

"ती ताटं घेऊन गच्चीवर पतंग बघायला पळाली होती. कबाबांवर ताव मारलाय मेल्यांनी. ठणठणीत आहेत."

हॉटेलचं अन्न खाल्लेली पोरं बरी आणि न खाल्लेल्या काकू आडव्या! म्हणजे दोष ताटात नव्हता, हॉलच्या हवेत होता. कबाब म्हटले की कोळसा आलाच. मी डॉक्टरांना गाठून सगळ्यांच्या रक्तात कोळशाचा वायू, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, तपासायला सांगितलं आणि तडक हॉटेल गाठलं.

स्वयंपाकघर हॉलच्या बरोबर खाली होतं. कबाब कोळशाच्या मोठ्या शेगडीवर भाजत. ताटं वर चढवायला भिंतीत छोटी लिफ्ट होती, तिचं तोंड थेट हॉलमध्ये उघडत होतं. हवा बाहेर फेकणारा भला थोरला पंखा जोरात फिरत होता.

"सकाळपासून चालू आहे, स्यार," मॅनेजर न विचारताच म्हणाला.

न विचारता दिलेलं उत्तर मी नेहमी वेगळं ठेवतो. मागच्या गल्लीत गेलो. पंख्याच्या तोंडासमोरच्या भिंतीवर, गटारावर, सगळीकडे झेंडूच्या चिंध्या उडालेल्या. पंखा बंद करवला, तर दांड्याला हाराचा दोरा घट्ट गुंडाळलेला. पंचांसमक्ष पंचनामा केला आणि मॅनेजरला बोलावलं.

"पंखा सकाळपासून चालू होता?"

"हो, स्यार."

"मग फिरत्या पंख्याला हार कुणी घातला? तुम्ही की विश्वकर्म्याने?"

त्याने घाम पुसला आणि खुर्ची मागितली. मग सगळं ओकला. सकाळी पंख्याची पूजा करून तो बंद ठेवला होता, संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही म्हणून. एसीला मात्र सुट्टी नव्हती, त्यामुळे हॉलच्या खिडक्या बंद. शेगडी धगधगत राहिली आणि वास नसलेला तो विषारी वायू लिफ्टच्या वाटेने वर चढत राहिला. आचारी मागच्या उघड्या दाराशी उभा होता म्हणून त्याचं डोकेदुखीवर निभावलं. माणसं पडल्यावर मॅनेजरला कळलं. घाबरून त्याने बटण दाबलं, हार काढायचं विसरला. निनावी फोनही त्यानेच वॉचमनच्या मोबाइलवरून केला होता.

रक्ताच्या अहवालात वायू सापडला. सगळी माणसं वाचली. मॅनेजरवर निष्काळजीपणाचा आणि खोटी खबर दिल्याचा गुन्हा नोंदवला, हॉलला कुलूप लागलं. दिवेलागणीच्या आत आचारी बाकावरच्या बायकोला घेऊन घरी गेला. त्या संध्याकाळी मला माझ्या वर्दीचा मनापासून अभिमान वाटला.

या केसने मला शिकवलं, की हॉटेलात माणसाचा जीव धोक्यात घालायला वैरी लागत नाही. चांगल्या मनाने बंद ठेवलेला एक पंखा पुरतो. पूजा जरूर करावी, पण आधी शेगडी विझवावी. माझ्या हद्दीतल्या प्रत्येक हॉटेलवाल्याला पुढे मी हे इतक्यांदा ऐकवलं, की ते मला पाहताच पंख्याकडे बोट दाखवायचे.

काकू बऱ्या झाल्यावर बँकवाल्यांनी राहिलेलं निरोपाचं जेवण काकूंच्याच घरी ठेवलं आणि रांधायला त्याच आचाऱ्याला बोलावलं. पहिलं ताट आलं तेव्हा सगळे क्षणभर थबकले. काकूंनी ते ताट आपल्यापुढे ओढलं, घास घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, मीठ थोडं कमी आहे."

आचारी हसत हसत मीठ आणायला आत पळाला.