पेटीचा फुगवटा

वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना केसभरमामा म्हणत. एकतीस वर्षं मोजणीचं काम, आणि कुठलंही माप सांगताना "केसभर इकडे, केसभर तिकडे" हे ठरलेलं. त्या रविवारी मात्र ते जेवायला बसले आणि घास हातातच राहिला.

"अहो, जेवताय की ताटाची मापं घेताय?" मामी म्हणाल्या.

"नव्या पेट्यांचा पत्रा पातळ आहे."

"बरं. मग?"

"मी फुगवटा जुन्याच पेटीचा लिहिला."

मामींना पेटी कळत नव्हती, माणूस कळत होता. त्यांनी ताट झाकलं. "जा. इथे बसून मलाही जेवू देणार नाही तुम्ही."

वर्कशॉप ज्या प्रयोगशाळेचं, तिच्या बोगद्यात प्रोटॉन प्रचंड वेगाने समोरासमोर येतात. बरेचसे आदळून फुटतात. काही मात्र अख्खेच राहतात, फक्त वाट जराशी वळते. इतकी जराशी, की दोनशे मीटर गेल्यावर कुठे मिलिमीटरभर फरक दिसतो. त्यांना टिपायचं तर मोजयंत्र मूळ झोताच्या अगदी कुशीत न्यावं लागतं. ते पातळ पत्र्याच्या पेटीत असतं. पेटीत हवा, बाहेर झोताच्या नळीत निर्वात पोकळी. म्हणून पत्रा झोताकडे फुगतो. माप बाहेर, पत्रा सपाट असताना घ्यायचं आणि हा फुगवटा आठवणीने वजा करायचा, ही मामांची रीत. आकडा इतका पाठ, की हात तो लिहून मोकळा झाला होता.

झोत चारला सुरू होणार होता. या मोजणीला वर्षातून तीनच दिवस मिळत. पेटी जास्त जवळ गेली तर सुरक्षायंत्रणा झोत बंद पाडणार, आणि त्यातला एक दिवस तरी पाण्यात जाणार.

वर्कशॉपमध्ये नव्या घडणीची एक जादा पेटी होती. मामांनी तिच्यात बोगद्यातल्याइतकाच दाब येईल एवढी हवा भरली आणि पत्र्यावर डायल गेज टेकवला. जुन्या पेटीच्या हिशोबाने काटा मिलिमीटरच्या आठ शतांशांवर थांबायला हवा होता. एकवीसवर गेला. त्यांनी हवा सोडून पुन्हा भरली. एकवीसच.

बोगद्यात झोताच्या वर एक आणि खाली एक अशा दोन पेट्या; वरच्या पेटीच्या मापांचा तक्ता मामांचाच. आकडा गुपचूप बदलला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण खालच्या पेटीचं माप घेताना त्यांच्या कामातल्या जोडीदाराने "फुगवटा किती धरू?" विचारलं होतं, आणि मामा "नेहमीचाच" म्हणाले होते. त्याच्या सहीचा तक्ता नियंत्रण कक्षाला सांगितल्याशिवाय उघडत नव्हता. आणि तो आज सुट्टीवर.

मामांनी प्रयोगाच्या प्रमुख बाईंना फोन लावला. "बाई, दोन्ही पेट्या तेरा शतांश मागे घ्या."

"मामा, पावणेतीन वाजलेत. आणि खालची तर तुमची नाही."

"सही त्याची. आकडा माझा."

बाईंनी आकडा लिहून घेतला. मग म्हणाल्या, "घेते. एकतीस वर्षांत पहिलीच चूक ना तुमची?"

"पहिलीच सापडलेली."

"असं बोलू नका हो. आधीच झोप कमी आहे मला."

झोत सव्वाचारला सुरू झाला. दोन्ही पेट्या झोताजवळ गेल्या आणि पडद्यावर वळलेल्या प्रोटॉनचे ठिपके पडू लागले. बाईंनी फोन करून सांगितलं, "सगळं ठीक आहे, आता घरी जा."

मामा "हो" म्हणाले आणि कपाटातून जुन्या घडणीची पेटी काढून तिला हवेची नळी जोडू लागले. आठ शतांश हा आकडा शेवटचा कधी तपासला होता, ते त्यांना आठवत नव्हतं.