पांढरं कापड

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पस्तीसएक वर्षांपूर्वी आदिलाबादच्या दवाखान्यात, बाकावर जागा असूनही ती भिंतीला टेकून उभी होती आणि लुगड्याची मागची बाजू सारखी चाचपत होती. ती तामसी गावाकडची, मी लग्न होऊन शहरात नवीन. दोघी आपापल्या एकट्याच आलो होतो.

तेलुगू नर्सने तिला विचारलं, "तेल्लबट्टा?"

बाजारात भाजी विकून तिला एवढं तेलुगू येत होतं: तेल्ल म्हणजे पांढरं, बट्टा म्हणजे कापड. ती घाबरून माझ्याकडे वळली.

"मयताचं कापड काऊन मांगून राह्यली हे? मी मरून राह्यली का बाई?"

मी तेलुगू शाळेत शिकलेली. म्हटलं, "अंगावरून पांढरं जातं का, असं विचारतायत. त्यांच्यात त्याला तसंच म्हणतात."

"जाते न," ती कुजबुजली. "हाडं झिजून राह्यली माही."

नर्स सांगत गेली, मी मराठीत सांगत गेले. हाडं झिजत नाहीत. पातळ, घाण वास नसलेलं पांढरं सगळ्याच बायकांना जातं. दह्यासारखं जात असेल, खाज असेल, वास मारत असेल, तर मात्र दाखवायचं. औषधाने बरं होतं.

तिला खाज होती. तपासून औषध मिळालं, तेव्हा कुठे ती बाकावर टेकली.

"सगळ्याच बायायले? तुमालेबी?"

मी होकाराची मान डोलावली.

"घरात एखादी बाई असती तं इचारलं असतं."

तामसीची बस सुटायला आली होती. मी आठवण करून दिली. गोळ्यांची पुडी पदरात बांधत ती म्हणाली, "जाऊ द्या ते बस. आजून थोडं बोला न."