एका व्हॉल्व्हची दोन नावं

आमच्या कार्यालयात त्याला सगळे 'शब्दकोश' म्हणत. त्याला तो मान वाटायचा. कागद कुणाचाही असो, त्यात एकच शब्द दोनदा दिसला की याची लाल पेन्सिल सरसावलीच. 'अर्ज' पुन्हा आला की 'विनंतीपत्र', तिसऱ्यांदा आला की 'निवेदन'. एक अर्ज करायला आलेली माणसं तीन कागद घेऊन खिडकीशी उभी राहत. पुनरुक्ती काढायची तर कधी कधी अख्खं वाक्यच काढावं लागतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. वाक्य काढायला अक्कल लागते, शब्द बदलायला पेन्सिल पुरते.

मी तिथली टंकलेखिका. त्याचं अक्षर लावून लावून माझा चष्म्याचा नंबर वाढला.

एकदा पाण्याची टाकी धुण्याच्या सूचना लिहायच्या होत्या. पंपावरच्या ताईंनी साधं लिहून दिलं होतं: डावा व्हॉल्व्ह उघडा, टाकी रिकामी झाली की डावा व्हॉल्व्ह बंद करा, मग पंप सुरू करा. शब्दकोशाने दुसऱ्या ठिकाणी 'डावा व्हॉल्व्ह' खोडून नुसतं 'झडप' केलं आणि स्वतःवरच खूश होऊन चहा मागवला. मला ते खटकलं होतं. पण त्याच्या तोंडी कोण लागणार, म्हणून मी मुकाट्याने टाइप केलं. तेवढा दोष माझाही.

पुढच्याच आठवड्यात ताई रजेवर गेल्या. बदलीवरच्या माणसाने कागद समोर धरून काम केलं. त्याने व्हॉल्व्ह उघडला, टाकी रिकामी केली आणि झडप शोधू लागला. टाकीचं लोखंडी झाकण दिसलं, ते त्याने घट्ट लावलं आणि पंप सुरू केला. व्हॉल्व्ह उघडाच. दुपारपर्यंत नाली तुंबून सगळं पाणी तळघरात उतरलं आणि तिथल्या वीस वर्षांच्या फायलींचा लगदा झाला.

मोठ्या साहेबांनी तिघांना बोलावलं, मलाही. बदलीवरचा माणूस खाली मान घालून उभा होता. शब्दकोश मात्र ताठ. चार ओळींत तोच शब्द दोनदा आला की वाचताना कानाला बोचतं, असं तो साहेबांना समजावू लागला.

रजा अर्धी टाकून आलेल्या ताई शब्दकोशाकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "पंप कानाने चालवत नाहीत. व्हॉल्व्ह एकच आहे. तुम्ही त्याला दुसरं नाव दिलंत, म्हणून हा बिचारा दुसरी वस्तू शोधत बसला."

त्यावर शब्दकोशाने विचारलं काय, तर "पण झडप हा शब्द चुकीचा आहे का?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. ताईंचा मूळ कागद जसाच्या तसा भिंतीवर लागला. बदलीवरच्या माणसाची नोकरी वाचली. शब्दकोशाची आवक-जावक विभागात बदली झाली. तिथे दिवसभर प्रत्येक ओळीत 'मिळाले' एवढंच लिहायचं असतं. पहिल्याच महिन्यात त्याच्या रजिस्टरात 'प्राप्त', 'हस्तगत' आणि 'पावले' सापडले. विभागप्रमुख बाईंनी ते पान त्याच्यासमोर ठेवलं आणि सगळं पुन्हा लिहायला बसवलं. तो बसला. चेहरा असा, जणू अन्याय त्याच्यावरच झाला होता.