डर्बनकाकांची कॅसेट

डर्बनकाका गाणं हाताने ऐकायचे. अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या साउंड चेकला सगळे माइकपाशी गर्दी करत आणि हे सत्तरीचे गृहस्थ स्पीकरवर तळहात टेकून, डोळे मिटून उभे राहत. "वरचं तुम्ही ऐका. माझा बेस खाली राहतो," म्हणत.

काका दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे, पणजोबांपासून तिथलेच. आजीची तमिळ ते विसरले होते. आमच्याशी इंग्रजीत बोलत. ऐंशीच्या दशकात त्यांचा पाच जणांचा बँड होता: तीन झुलू, एक गोरा आणि बेस गिटारवर काका. गोऱ्यांच्या एका हॉलमध्ये अशा बँडला बंदी, म्हणून चौघे पडद्यामागे वाजवत. गायचा त्यांच्यातला झुलू सिफो, आणि पुढे गोरा गिटारवाला नुसते ओठ हलवायचा. काका हे हसत सांगत. "पडद्यामागे एक सुख होतं. पँटला इस्त्री लागत नसे."

आमच्या घरी आले की अख्खा पाव कोरून त्यात माझ्या बायकोने केलेला मटणाचा रस्सा ओतत. डर्बनमध्ये असंच खातात म्हणे. माझी मुलगी ओरडायची, "काका, that's cheating! हा तर वडापाव!"

"वडापाव याची धाकटी बहीण," काका बोटं चाटत म्हणायचे.

बँडची रेकॉर्ड कधी निघालीच नाही. उरली होती तालमीची एक कॅसेट. सिफो तरुणपणीच गेला. त्याचा आवाज जगात तेवढ्यातच होता. ती काकांनी माझ्या हातात दिली. "कॉम्प्युटरवर घेशील?"

मी नोकरीत कॉलमधला आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर लिहितो. मला हुरूप आला. कॅसेट वाजवून घेता घेता जुन्या प्लेयरने टेप चावून तुकडे केले, पण गाणी हाती लागली होती. मग मी खरखर, खोकले, दोन गाण्यांमधली बडबड, सगळं कापलं आणि तीच फाइल मूळ फाइलवर सेव्ह केली. काकांना एका शब्दाने विचारलं नाही.

काकांनी स्पीकरवर हात ठेवून ऐकलं. पहिलं गाणं संपलं, लगेच दुसरं सुरू झालं. त्यांनी डोळे उघडले. "मधे तो बोलतो. ते कुठाय?"

"ते नॉइज होतं, काका."

"नॉइज? तो सिफो होता."

मी टेपचे तुकडे दाखवले. वाटलं, आता हा माणूस माझं तोंड पाहणार नाही. पण काका म्हणाले, "फोन काढ. रेकॉर्ड कर." गाणी पुन्हा लावली आणि प्रत्येक गाणं संपताच मला थांबवायला सांगून सिफोचे शब्द स्वतः झुलूत बोलले, मग माझ्यासाठी इंग्रजीत. "इथे तो मला ओरडतो: घाई का करतोस, बस चुकतेय का तुझी? इथे हसतो." आणि काका त्याच्यासारखे हसले.

काका जाऊन दोन वर्षं होतील. फोनवरची ती फाइल मी साफ केलेली नाही. तिच्यात फ्रिजची घरघर आहे, काकांचा खोकला आहे. एके ठिकाणी मी रडवेल्या आवाजात "सॉरी काका" म्हणतो, आणि ते मला दटावतात, "शू! पुढचं गाणं लाव. यात तो फार छान गायलाय."