पगाराच्या दिवशी येणारा भाऊ

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा मी डोणगावच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागले. नवऱ्यानं दुसरी बायको केली होती आणि मला धाडजवळच्या माहेरी आणून सोडलं होतं. भावकीतले लोक म्हणत, हिला कुठंतरी उजवून टाका, एखादा बिजवर पाहा. मोठ्या भावानं कुणाचं ऐकलं नाही. त्यानं मला बुलढाण्याला नर्सचं शिक्षण घ्यायला पाठवलं. हे आधीच सांगते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात तो वाईटच दिसणार आहे.

पगाराच्या दिवशी भाऊ चिखलीला गाडी बदलून डोणगावला येई. दवाखान्याच्या बाकावर धोतराचा सोगा सावरून बसे. मी सही करून पगार घेई आणि तसाच त्याच्या हातात ठेवी. तो त्यातून माझ्या धान्याचे, रॉकेलचे पैसे काढून मला देई. वर म्हणे, "जपून वापर बरं, बाई." आणि मी मान डोलवी. माझ्याच पैशातले पैसे मला मिळत, आणि मी ते दोन्ही हातांनी घेत असे, प्रसाद घ्यावा तसे.

मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट पैसा हातात राहिला नाही की बरं वाटे. आपलं काम सेवेचं, त्या हाताला पैशाचा वास लागू नये, असं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. गावही तेच सांगे. एका बड्या वाड्यातली सून अडली होती. दिवसभर मी तिच्याजवळ होते. बाळ पायाळू होतं, पण दोघंही वाचली. सासूनं माझी ओटी भरली, खण-नारळ दिला, आणि म्हणाली, "देवाचं काम करता बाई तुमी, देवच देईन तुमाले." त्याच वाड्यात आमचा कंपाउंडर सुई टोचायला जाई आणि दरवेळी पैसे घेऊन येई. त्याला कुणी देवाच्या हवाली करत नव्हतं. तो पुरुष होता, त्याला पोरंबाळं होती. मला काय, एकटा जीव!

एकट्या जिवाला भूक नसते, थंडी नसते, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं. हिवाळ्यात मला लोकरी स्वेटर घ्यावासा वाटला. मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "काऊन? दवाखान्यात का वारं लागते?" मी हसले आणि विषय सोडून दिला.

मग भावाच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं. मी रजा घेऊन चार दिवस आधी गेले. त्या पोरीचा जन्म माझ्या डोळ्यांपुढचा. कडेवर घेऊन मी तिला वाढवलेली. लग्नाचा कपडालत्ता, भांडी, नवरदेवाची अंगठी, सगळं माझ्या पगारातून झालं होतं. तसं कुणी बोललं नाही आणि मीही बोलले नाही. हळदीच्या दिवशी बाया पोरीभोवती जमल्या. मीही वाटीत बोटं घालायला वाकले, तेवढ्यात वहिनीनं माझं मनगट धरलं.

"तुमी नोका लावू, बाई. समजून घ्या. नवऱ्यानं टाकलेली, बरं नाई दिसत."

ती हळू बोलली. पण सगळ्यांनी ऐकलं. माझी माय तिथंच पाटावर बसली होती. ती खाली पाहत राहिली. पोरगी मात्र माझ्याकडं पाहत होती, आणि तिच्या तोंडावर हळद होती म्हणून की काय, मला तिचा चेहरा काहीच सांगेना.

मी मागच्या दारी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं भाऊ आला. मला वाटलं, वहिनीच्या बोलण्याचं काही म्हणेल. तो म्हणाला, "बाई, वाजंत्रीवाले अडून बसले. तुह्याजवळ काही हाये का?"

खर्चातून वाचवलेले थोडे पैसे माझ्याकडं होते. मी दिले. लग्न माझ्यामुळं अडलं असं मला होऊ द्यायचं नव्हतं. पण देताना हात पहिल्यांदा जड झाला.

पुढच्या पगाराला तो नेहमीसारखा बाकावर येऊन बसला. मी त्याच्यासाठी चहा मागवला आणि म्हटलं, "भाऊ, आजपासून पगार माह्याजवळच राहीन. घरात अडलं नडलं तर मले सांग. जमते तेवढं मी देईन."

त्याला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "कोणी कान भरले तुहे?"

"कोणीच नाई."

"मी शिकवलं म्हणून हे दिवस पाह्यले तू."

"हाव. ते मी मरेपर्यंत विसरणार नाई. पण तू शिकवलं म्हणून मी जन्मभर तुले विचारून जेवू का?"

तो चहा न पिता उठला. त्या दिवाळीला भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही. नंतरही कधी आलं नाही.

मी पोस्टात खातं काढलं. पण पैसा स्वतःजवळ ठेवणं मला येत नव्हतं. स्वेटर घ्यायला मेहकरला गेले, दुकानात हात लावून पाहिला आणि तशीच परत आले. बसमध्ये मला चोरी करून आल्यासारखं वाटत होतं. तो हिवाळाही तसाच गेला. पुढच्या वर्षी घेतला, गडद निळा. अंगात घालून दवाखान्यात गेले तर कंपाउंडर म्हणाला, "नर्सबाईची चैन हाये आता." गावात बोलू लागले, बाई पैशाची झाली, भावाला विसरली. ज्यांची बाळंतपणं मी केली त्या बायाही बोलल्या. ते ऐकून दुखायचं. सवय झाली असं मी म्हणणार नाही.

दोन-तीन वर्षांनी धाडकडचा एक माणूस दवाखान्यात आला. त्याच्याकडून कळलं की मायला दिसेनासं झालंय. मी गेले. भाऊ बोलला नाही. मायला म्हटलं, "माह्या घरी चाल, डोळे करून घेऊ." ती म्हणाली, "लेकीच्या घरचं खाऊ का मी?" इतकी वर्षं त्या घरात कुणाचं धान्य शिजत होतं, हे माझ्या ओठांवर आलं. मी गिळलं.

शेवटी मी तिला माझ्या घरी न नेता परस्पर बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू काढला. तिच्या खाटेजवळ मी स्वतः राहिले. पट्टी सुटून जाड भिंगाचा चष्मा लागला तेव्हा तिनं डोळे मिचकावत मला पाहिलं. गालावरून हात फिरवला. म्हणाली, "वाळली वं माय तू."

मला रडू आलं. किती वर्षांनी कुणीतरी माझ्याकडं पाहत होतं.

मग ती म्हणाली, "भावाले बैल घ्याचा हाये. त्याले काही देऊन पाह्य."

"नाई, माय," मी म्हटलं.

तिनं हात काढून घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी मी तिचं तिकीट काढून तिला धाडच्या गाडीत बसवलं. खिडकीतून तिला आता सगळं स्पष्ट दिसत होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.